आतल्याचं ऐकणारा माणूस : क्रिस्टन न्यूगॉर

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या ओरलला पहिला प्रश्न कोणता येतो हे आपल्या हॉस्टेलच्या भिंतींनासुद्धा पाठ झालंय. क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, इनहेरिटन्सचं उदाहरण द्या. आपण वाहन आणि ट्रकचं, नाहीतर प्राणी आणि कुत्र्याचं उदाहरण देतो, एक्स्टर्नल मान हलवतात आणि आपण सुटतो. हे सगळं पहिल्यांदा कुणाला सुचलं हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर सी प्लस प्लसवाल्या स्ट्रूस्ट्रुपचं नाव सांगून आपण मोकळे होऊ. पण स्ट्रूस्ट्रुपने क्लासची कल्पना जिथून घेतली ती भाषा नॉर्वेतली. तिचं नाव सिम्युला, आणि ती दोघांनी मिळून घडवली : क्रिस्टन न्यूगॉर आणि ओले-योहान डाल. (या डालसाहेबांचा आपल्या मेसच्या डाळीशी काहीएक संबंध नाही. त्यांचा विचार फार दाट होता!)

या लेखात मी सांगणार आहे ते मुख्यतः न्यूगॉरबद्दल. मी संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझं गाव मोखाडा तालुक्यात. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनाची नोंद ठेवणारं एक छोटं अ‍ॅप. स्क्रीन साधीच आहे. वर पाड्याचा कंपोनंट, त्याच्या पोटात एकेका कुटुंबाचा, आणि कुटुंबाच्या पोटात एकेका मुलाचा. डब्यात डबा, त्यात आणखी डबा. अशी रचना लिहायला घेतली की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न समोर येतो. सगळ्यात आतल्या डब्यात मुलाचं वजन भरलं, तर ते सगळ्यात बाहेरच्या डब्याला कळणार कसं?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. वरून खाली माहिती पाठवणं सोपं असतं. पाड्याने कुटुंबाला नाव आणि मुलांची यादी दिली, कुटुंबाने मुलाला नाव, जन्मतारीख आणि मागच्या महिन्याचं वजन दिलं, झालं. रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यूमध्ये याला प्रॉप्स म्हणतात, अँग्युलरमध्ये इनपुट. आतल्याने ते वाचायचं, वापरायचं, पण बदलायचं नाही. उलट दिशेचा रस्ता मात्र आपोआप तयार होत नाही. आतल्या कंपोनंटने बाहेरच्याच्या स्टेटमध्ये थेट हात घालायचा नसतो. घातला, तर कुणी कुठे काय बदललं हे शोधण्यातच रात्र सरते. म्हणून बाहेरचाच आतल्याच्या हाती एक फंक्शन देऊन ठेवतो : काही घडलं की हे वाजव. आतला वाजवतो, बाहेरचा ऐकतो, आपली स्टेट बदलतो, आणि नवी माहिती पुन्हा प्रॉप्सच्या वाटेने खाली येते. माहिती खाली, खबर वर. नियम एवढाच.

पण यात एक मेख आहे. बाहेरच्याने ऐकणारा ठेवलाच नाही तर काय होतं? व्ह्यूमध्ये चाइल्डने एमिट केलं आणि पॅरेंटने त्याला हँडलर जोडलेला नसला, तर प्रोग्रॅम पडत नाही. स्क्रीन लाल होत नाही. आतल्याने हाक मारलेली असते, ती हवेत विरते, आणि प्रोग्रॅम मजेत चालू राहतो. न्यूगॉरने आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो मला हाच वाटतो. आधी तो प्रश्न त्याला प्रोग्रॅममध्ये दिसला, नंतर कारखान्यात, आणि पुढे देशाच्या राजकारणात.

हाताने गणितं करणारा जवान

क्रिस्टन न्यूगॉरचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ओस्लोमध्ये झाला. १९४८ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेच्या निमित्ताने तो नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाला. तेव्हा नॉर्वे आपली पहिली अणुभट्टी उभारत होता. तिच्यासाठी लागणारी काही गणितं मॉन्टे कार्लो पद्धतीने करायची होती. या पद्धतीत एखादी गोष्ट नशिबावर सोडल्यासारखी हजारो वेळा करून बघायची आणि सरासरी काढायची असते. आज आपण त्यासाठी चार ओळींचा लूप लिहितो. १९४९-५० मध्ये हे काम माणसं हाताने करत होती. एखादी व्यवस्था कागदावर पावलापावलाने चालवून बघायची, ही सवय न्यूगॉरला तिथे लागली असणार.

१९५२ पासून तो ऑपरेशन्स रिसर्चमध्ये शिरला. आपल्याला हा विषय क्यूइंग थिअरीमुळे माहीत असतो, आणि बहुतेकांना केटीमुळे! रांगा, यंत्रं, माणसं, वाट बघणं, अडकणं, यांचा हिशेब म्हणजे हा विषय. १९५६ मध्ये त्याने ओस्लो विद्यापीठातून मास्टर्स केलं, प्रबंधाचा विषय अर्थातच मॉन्टे कार्लो. १९५९ मध्ये नॉर्वेची ऑपरेशन्स रिसर्च सोसायटी स्थापन झाली आणि तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९६० मध्ये तो ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये आला.

त्याची अडचण अशी होती. कारखाना, बंदर, बँक, कुठलीही गुंतागुंतीची व्यवस्था संगणकावर चालवून बघायची तर आधी ती शब्दांत मांडावी लागते. तेव्हाच्या भाषांत आकडे आणि आज्ञा होत्या, व्यवस्था मांडायची सोय नव्हती. १९६१ मध्ये त्याने नव्या भाषेचा विचार सुरू केला. पण तो काही मुरलेला भाषाकार नव्हता. संरक्षण संस्थेत १९५२ मध्ये आलेला ओले-योहान डाल मात्र होता. न्यूगॉर बाहेरच्या जगाकडे बघून काय मांडायचंय ते सांगायचा, डाल ते भाषेच्या नियमांत बसतं का ते तपासायचा.

दोघांच्या चर्चेचा एक किस्सा त्यांनीच पुढे नोंदवून ठेवलाय. सेंटरमधल्या एका नव्या कर्मचाऱ्याने घाबऱ्याघुबऱ्या येऊन टेलिफोन ऑपरेटरला सांगितलं की वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसं जोरजोरात भांडतायत, काय करायचं? ऑपरेटरबाई बाहेर आल्या, क्षणभर कान देऊन ऐकलं आणि त्याला शांत केलं. भांडण वगैरे काही नव्हतं, डाल आणि न्यूगॉर सिम्युलावर बोलत होते. आपल्या कॉमन रूममध्ये प्रोजेक्टवरून होणाऱ्या आरडाओरड्याला यापुढे कुणी नावं ठेवली तर हा दाखला द्यावा.

खिडकी आणि रांग

सिम्युलाची पहिली आवृत्ती, सिम्युला वन, १९६५ च्या सुरुवातीला युनिव्हॅक ११०७ या संगणकावर चालू लागली. तिच्या घडणीतला एक टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या आराखड्यात जग दोन भागांत वाटलेलं होतं. एक स्टेशन, म्हणजे काम करणारी जागा. दुसरे ग्राहक, म्हणजे त्या जागेपुढे रांगेत उभे राहणारे. स्टेशन सक्रिय, ग्राहक निष्क्रिय.

आमच्या जव्हारच्या एसटी स्टँडचं उदाहरण घ्या. चौकशीची खिडकी सगळं करते, प्रवासी नुसते उभे. हिशेबाला हे बरं असतं. पण प्रवासी खरंच नुसते उभे असतात का? एखादा कंटाळून जीप पकडतो. एखादी म्हातारी रांगेतल्या मुलाला आपली जागा धरायला सांगून पाणी प्यायला जाते. म्हणजे गोष्ट खिडकीच्या बाजूने सांगता येते, तशीच प्रवाशाच्या बाजूनेही सांगता येते. १९६४ पर्यंत न्यूगॉर आणि डालने ती विभागणी मोडून टाकली. सगळ्यांना एकच दर्जा दिला, प्रोसेस. प्रत्येकाकडे स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं. रांगेतला माणूससुद्धा आता काही करू शकत होता. आज आपण ऑब्जेक्ट म्हणतो तो इथून निघाला.

१९६६-६७ च्या हिवाळ्यात दोघं पुलावरच्या टोलनाक्याचं उदाहरण सोडवत होते. रांगेत ट्रक आहेत, बसही आहेत. दोन्ही वाहनं, पण दोघांच्या गरजा वेगळ्या. सामाईक भाग एकदाच लिहून त्याच्यापुढे वेगळेपण जोडता येईल, ही युक्ती तिथे सापडली. तोच क्लास आणि सबक्लास. मे १९६७ मध्ये ओस्लोजवळच्या लिसेबू इथल्या परिषदेत त्यांनी ती मांडली आणि सिम्युला ६७ जन्माला आली. तर वाहन आणि ट्रकचं आपलं ते घिसंपिटं उदाहरण खरोखर मूळ पुरुषाचंच आहे!

दोन प्रकारचे पॅरेंट

इथे जरा थांबून एक घोळ निस्तरू. आपण पॅरेंट हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. ट्रक हा वाहनाचा सबक्लास, हे नातं वंशाचं. मुलाचा कंपोनंट कुटुंबाच्या कंपोनंटच्या पोटात, हे नातं घराचं. पहिल्यात ट्रक म्हणजे एक वाहनच. दुसऱ्यात मूल म्हणजे कुटुंब नव्हे, ते कुटुंबात राहतं. स्क्रीन लिहिताना आपला रोजचा संबंध दुसऱ्या नात्याशी येतो. सिम्युलामध्ये दोन्ही नाती होती, आणि दोन्हींत आतल्या-बाहेरच्यांनी कसं बोलायचं याचे नियम होते.

घराच्या नात्याचा नियम तिने अल्गोल ६० कडून घेतला. ब्लॉकमध्ये ब्लॉक लिहिला, तर आतल्याला बाहेरचे व्हेरिएबल दिसतात. बाहेरच्याला आतले दिसत नाहीत. रात्री अंगणातून घराकडे बघितल्यासारखं. आतून अंगण दिसतं, अंगणातून बंद दारामागचं काही दिसत नाही. अल्गोलमध्ये एक धोका होता : आतल्याला बाहेरचं नुसतं दिसायचं असं नाही, ते बदलताही यायचं. आजच्या कंपोनंटनी हा धोका ओळखून दार आणखी बंद केलं. बाहेरचा हातात देईल तेवढंच आतल्याला मिळतं, आणि बदल हवा असेल तर त्याने बाहेरच्याला कळवायचं.

वंशाच्या नात्यात सिम्युलाने इनर नावाचा एक शब्द ठेवला होता. गॅदरिंगची कार्यक्रमपत्रिका आठवा. आधी दीपप्रज्वलन, शेवटी आभार, आणि मधे लिहिलेलं असतं, इथे वर्गाचा कार्यक्रम. सुरुवात आणि शेवट समितीचे, मधली जागा वर्गाची. इनर म्हणजे ती मधली जागा. पॅरेंट क्लास आपल्या कोडमध्ये इनर लिहितो, आणि सबक्लासचं कोड बरोबर तिथे चालतं. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये उलटं आहे. तिथे चाइल्ड पॅरेंटची मेथड झाकून टाकतो, आणि वाटलं तर आतून तिला बोलावतो. सिम्युलामध्ये पॅरेंटला आधीच ठरवावं लागायचं की आपल्या पोरांना बोलायची जागा कुठे ठेवायची. पुढे १९७६ पासून डेन्मार्कच्या सहकाऱ्यांबरोबर न्यूगॉरने बीटा ही भाषा केली, तिच्यातही त्याने हा इनर सोडला नाही. क्लासच्या पोटात क्लास ठेवण्याची मोकळीक तर बीटाने आणखी वाढवली.

सिम्युला स्वतः फारशी पसरली नाही, तिची बीजं पसरली. अमेरिकेत अ‍ॅलन के याने १९६६ मध्ये ती वाचली. पुढे झेरॉक्सच्या पालो अल्टो केंद्रात त्याच्या गटाने स्मॉलटॉक केली, जिच्यात ऑब्जेक्ट एकमेकांना संदेश पाठवतात. खिडक्या आणि माऊसवाली स्क्रीन त्याच केंद्रात वाढली. १९७८-७९ मध्ये तिथे पाहुणा म्हणून गेलेल्या ट्रिग्वे रेन्सकाउगने मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी दिली, आणि तोही नॉर्वेचाच. स्ट्रूस्ट्रुपने १९७९ मध्ये सी भाषेला क्लास जोडायला घेतले. २०१३ मध्ये खुला झालेला रिअ‍ॅक्ट हा या घराण्याचा बराच लांबचा नातू.

कारखान्यातला आतला कंपोनंट

एवढ्यावर थांबला असता तरी न्यूगॉरचं नाव पुस्तकात राहिलं असतं. पण साठीचं दशक संपताना त्याला एक गोष्ट टोचू लागली. सिम्युलामध्ये कारखाना मांडायचा म्हणजे कामगारही एक प्रोसेस म्हणून मांडायचा. तो मांडणारा असतो व्यवस्थापनाचा माणूस. कामाचा वेग आणि क्रम, किती जण लागतील, हे सगळं संगणकावर ठरतं आणि वरून खाली येतं. ज्याचं आयुष्य मांडलं जातंय त्याला विचारायची जागा त्या मॉडेलमध्ये नव्हतीच. रांगेतल्या माणसाला भाषेत सक्रिय करणाऱ्यानेच पाहिलं की प्रत्यक्षात तो माणूस पुन्हा निष्क्रिय झालाय.

मग तो नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर कामाला लागला. १९७१ ते १९७३ हा प्रकल्प चालला. आधी बेत नेहमीचाच होता : संशोधक अभ्यास करतील, अहवाल लिहितील आणि संघटनेला देतील. काही महिन्यांतच न्यूगॉरने तो बदलला. अहवाल कपाटात जातो हे त्याला दिसत होतं. म्हणून ठरलं की स्थानिक संघटना स्वतः जी पावलं उचलतील तोच प्रकल्पाचा निष्कर्ष. कामगारांनी आपापल्या कारखान्यात अभ्यासगट केले. संगणकाने चालणारं नियोजन म्हणजे काय हे समजावणारं सोप्या भाषेतलं पाठ्यपुस्तक तयार झालं. मग कामगारच प्रश्न विचारू लागले : ही माहिती कशाला गोळा करता, ती कोण बघणार, आणि आमचं म्हणणं कुठे नोंदवायचं?

यातून करार झाले. आधी एकेका कारखान्यात, मग १९७५ मध्ये कामगार महासंघ आणि मालक संघ यांच्यात देशपातळीवर. नवी संगणक प्रणाली आणायची तर कामगारांना आधी सांगायचं, समजेल अशा भाषेत सांगायचं, आणि कामगारांनी यासाठी निवडलेल्या प्रतिनिधीला चर्चेत घ्यायचं. १९७७ च्या नॉर्वेच्या कामकाज-पर्यावरण कायद्यात हे तत्त्व आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅरेंटने हँडलर जोडलाच पाहिजे, असा कायदाच झाला.

त्याच्या पाठोपाठ स्कँडिनेव्हियात तसे आणखी प्रकल्प झाले. १९८१ ते १९८५ च्या युटोपिया प्रकल्पात छापखान्यातले कामगार आणि संशोधक लाकूड-पुठ्ठ्याच्या खोट्या स्क्रीन मांडून, त्यांच्यावर काम करून बघून नवी यंत्रणा ठरवत होते. आज मोठमोठ्या कंपन्या वापरणाऱ्याला सोबत घेऊन डिझाइन करतात, कागदी प्रोटोटाइप बनवतात, त्याचं एक मूळ या कामगार संघटनांच्या बैठकांत आहे.

न्यूगॉर राजकारणातही उतरला. १९९० ते १९९५ या काळात तो युरोपीय संघात जायला विरोध करणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष होता. निर्णय दूरच्या राजधानीत होतील आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याचा, डोंगरातल्या शेतकऱ्याचा आवाज तिथे पोचणार नाही, हा त्या बाजूचा एक मुख्य मुद्दा होता. संघटनेच्या शाखा देशभर होत्या. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.२ टक्के लोकांनी नकार दिला. तो निर्णय बरोबर होता का यावर नॉर्वेत दोन मतं आहेत, आणि तो आपला विषयही नाही. पण माणूस तोच आणि प्रश्नही तोच, एवढं मात्र दिसतं.

शेवटी शेवटी तो नवशिक्यांना ऑब्जेक्ट कसे शिकवावेत यात रमला होता. त्याचं आवडतं उदाहरण होतं एका उपाहारगृहाचं, नाव कॅफे ऑब्जेक्टा. गिऱ्हाईक, वेटर, स्वयंपाकी, टेबलं, आणि त्यांचं एकमेकांशी चाललेलं काम. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते यापेक्षा हे कितीतरी खरं. न्यूगॉर आणि डाल यांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. २९ जून २००२ ला डाल गेले, आणि सहा आठवड्यांत, १० ऑगस्ट २००२ ला, न्यूगॉरही हृदयविकाराने गेला. ओस्लो विद्यापीठात संगणकशास्त्राच्या दोन इमारतींना आज या दोघांची नावं आहेत.

आमच्याकडचं

आता जव्हार-मोखाड्याकडे येतो. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी अशी वस्ती, डोंगर, आणि डोंगरात विखुरलेले पाडे. मध्य वैतरणा धरण आमच्याच मोखाडा तालुक्यात आहे. त्याचं पाणी उताराने मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. वरून खाली जाणाऱ्या गोष्टीला वाट मिळते. खालची हाक चढावर न्यायची तर वाट कुणीतरी खणावी लागते.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा राज्याला हा भाग एकदम दिसला. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. या दोन तारखांच्या मधे आमच्याकडे अंगणवाड्या होत्याच. योजना २ ऑक्टोबर १९७५ ची, म्हणजे नॉर्वेतल्या त्या कराराच्याच वर्षातली. आणि अंगणवाडीची मूळ कल्पना तर ज्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला काम उभं केलं त्या ताराबाई मोडकांची.

या यंत्रणेची रचना बघा. पाड्यावर सेविका, तिच्यावर पर्यवेक्षिका, तिच्यावर बाल विकास प्रकल्प अधिकारी, मग जिल्हा परिषद, मग राज्य, मग केंद्र. डब्यात डबा. १ मार्च २०२१ ला केंद्राचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप सुरू झालं. सेविकेने हजेरी, वजन, उंची, आहार मोबाईलवर भरायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल कार्यालयांत परत नेऊन दिले. मोबाईल जुने, मेमरी कमी, सारखे हँग होणारे, आणि अ‍ॅप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ही बातमी मी न्यूगॉर वाचल्यानंतर पुन्हा वाचली तेव्हा ती मला वेगळी दिसली. वजनाचा आकडा वर पोचवायची सोय होती. पण हा रकाना आमच्याकडे लागू पडत नाही, हे सांगायची जागा स्क्रीनवर नव्हती. म्हणून त्यांना ते मोबाईल परत करून सांगावं लागलं.

कंपोनंटच्या भाषेत यातला फरक नेमका सांगता येतो. आकडा वर गेला म्हणजे ऐकलं गेलं असं नाही. बाहेरच्याने ऐकल्याची खूण एकच : त्याची स्टेट बदलते, आणि मग खाली येणारे प्रॉप्स बदलतात. खालून वजन कमी झाल्याची खबर गेली आणि वरून येणारा आहार, येणारा डॉक्टर, येणारा प्रश्न तसाच राहिला, तर इव्हेंट विरला असंच म्हणायचं. आणि लक्षात ठेवा, तेव्हा एरर येत नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं लॅपटॉप न घेता गेलो. सोबत कार्डपेपर, स्केचपेन आणि कात्री. प्रत्येक कार्ड म्हणजे एक कंपोनंट. ती कार्डं सेविकांपुढे ठेवली आणि त्यांनाच मांडायला सांगितली. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी वजनाच्या कार्डाशेजारी एक नवं कार्ड ठेवलं : स्थलांतर. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. मूल वजनाला आलं नाही म्हणजे गैरहजर नव्हे, ते आईबापांबरोबर दुसऱ्या तालुक्यात असतं, आणि त्याला आहार तिथे मिळायला हवा. दुसरं कार्ड आलं काळजीचं. वजन तक्त्यात बसतंय, पण मूल मलूल दिसतंय, असं सेविकेला वाटतं तेव्हा दाबायचं.

त्याप्रमाणे आमच्या मुलाच्या कंपोनंटमधून आता तीन इव्हेंट निघतात : वजन, स्थलांतर, काळजी. कुटुंबाचा कंपोनंट ते अडवत नाही, जसेच्या तसे वर देतो. पाड्याचा कंपोनंट ऐकतो, यादी बदलतो, आणि पाहिलं ही खूण तारखेसकट प्रॉप म्हणून खाली पाठवतो. म्हणजे सेविकेला तिच्याच स्क्रीनवर दिसतं की आपली हाक कुणाच्या कानावर पडली, आणि कधी.

मित्रहो, पुढच्या सबमिशनला तुम्ही कंपोनंट लिहाल तेव्हा एक सोपं काम करून बघा. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे प्रत्येक आतला कंपोनंट काय काय कळवू शकतो ते लिहा, उजवीकडे ते कोण ऐकतं त्याचं नाव. आम्ही ती यादी केली आणि ती खोलीच्या दारामागे चिकटवलेली आहे. वजन आणि स्थलांतरापुढे नावं आहेत. काळजीपुढे पाड्यापर्यंतच नाव आहे, त्याच्यावरची जागा कोरी आहे. ती कोड लिहून भरता येण्यासारखी नाही. तिथे एखाद्या जिवंत माणसाने ऐकायचं कबूल करावं लागेल. परीक्षा संपली की आम्ही ती यादी घेऊन मोखाड्याला पंचायत समितीत जाणार आहोत.

(अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी)